जमा–नावे

आमच्या लालबागच्या चाळीत मोहम्मद अलीचे दोन पक्ष होते आणि त्या दोन्ही पक्षांतल्या एकानेही अलीला लढताना पाहिलेलं नव्हतं. अली यायचा तो वर्तमानपत्रातल्या खेळाच्या पानावरून, एखाद-दोन दिवस शिळा होऊन. रातपाळी उरकून आलेली मंडळी गॅलरीत कठड्याला टेकून चहा प्यायची आणि माझे आजोबा मोठ्याने बातमी वाचायचे. आजोबा मूळजी जेठा मार्केटातल्या एका कापडाच्या पेढीवर मेहताजी होते. आकडे आणि बातम्या ते एकाच सुरात वाचत. सगळी चाळ त्यांना आप्पा म्हणायची. ते अलीचे. समोरच्या खोलीतले पैलवानकाका जो फ्रेझरचे. काका गिरणीत साचेखात्यात होते, पण तरुणपण कोल्हापूरच्या तालमीत गेलेलं. कानाच्या पाळ्या कुस्त्यांनी कायमच्या सुजलेल्या.

अलीवर आज जे लिहिलं जातं ते बहुतेक गोड असतं. 3 जून 2016 ला तो गेला तेव्हा तर मृत्युलेखांतून एखादा संतच गेल्यासारखं वाटत होतं. मला त्या लेखांपेक्षा गॅलरीतलं भांडण जास्त खरं वाटतं. म्हाताऱ्यांना तपशील कमी ठाऊक होते, काही तर चुकीचेच ठाऊक होते; पण माणूस मोठा आहे म्हणून त्याचं सगळं माफ, असं त्यांच्यापैकी कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

आप्पांची अलीकथा सायकलीपासून सुरू व्हायची. 1954 साल, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं लुईव्हिल गाव, बारा वर्षांचा कॅशियस क्ले. नवी कोरी सायकल चोरीला गेली म्हणून रडत, चोराला बदडून काढीन म्हणत तो पोलीस शोधू लागला. भेटला तो जो मार्टिन हा गोरा पोलीस, आणि तो फावल्या वेळात पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. बदडायचं तर आधी लढायला शीक, असं त्याने सांगितलं. सहा वर्षांनी त्या पोराने रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. इथपर्यंतची गोष्ट चोख खरी आहे. पुढची मात्र आप्पा डोळे बारीक करून सांगत : पदक गळ्यात घालून पोरगा गावी परतला, हॉटेलात खायला गेला, काळ्यांना इथे वाढत नाही म्हणून त्याला उठवलं, आणि त्याने ते पदक ओहायो नदीत फेकून दिलं.

ही गोष्ट 1975 सालच्या अलीच्या आत्मचरित्रातली. हॉटेलांची दारं काळ्यांना बंद होती हे खरंच होतं; पदकाचं मात्र पुढे त्याच्या जवळच्या माणसांनीच सांगितलं, की ते फेकलं नव्हतं, हरवलं होतं. 1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला बदली पदक दिलं गेलं. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “हरवलं असेल. पण फेकावंसं वाटलं असेलच की.” मेहताजीच्या तोंडी हा हिशेब मला जरा सैल वाटला.

25 फेब्रुवारी 1964 ला मायामी बीचवर क्लेने सनी लिस्टनला हरवलं. लिस्टनची दहशत एवढी, की जवळजवळ सगळ्या जाणकारांनी क्लेला मोडीत काढलं होतं. सातव्या फेरीसाठी लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. थोड्याच दिवसांत क्लेने नेशन ऑफ इस्लामचा सभासद असल्याचं जाहीर केलं आणि त्या संघटनेचे प्रमुख एलिजा मुहम्मद यांनी दिलेलं मोहम्मद अली हे नाव घेतलं. त्याला या वाटेवर धीर देणारा मित्र होता माल्कम एक्स. पुढे माल्कम आणि एलिजा यांचं फाटलं. त्याच वर्षी मे महिन्यात घानामध्ये अक्रा शहरात माल्कम आणि अली समोरासमोर आले. माल्कमने हाक मारली. अलीने त्याला तोडून टाकलं आणि पाठ फिरवली. फेब्रुवारी 1965 मध्ये माल्कमचा खून झाला. माल्कमकडे पाठ फिरवल्याचा आपल्याला फार पश्चात्ताप होतो, असं अलीने म्हातारपणी लिहिलं. तोवर चाळीस वर्षं होत आली होती. गॅलरीत यातलं काही कुणाला माहीत नव्हतं. माहीत असतं तर पैलवानकाकांना आणखी एक पुरावा मिळाला असता.

चाळीत सगळ्यांत जास्त सांगितला जाणारा प्रसंग म्हणजे 28 एप्रिल 1967. ह्यूस्टनच्या लष्करी भरती केंद्रात तरुण रांगेत उभे होते. नाव पुकारलं की एक पाऊल पुढे टाकायचं, म्हणजे तुम्ही सैन्यात दाखल झालात. “कॅशियस क्ले” असा पुकारा झाला. अली जागचा हलला नाही. नकाराची शिक्षा काय होईल हे बाजूला घेऊन समजावलं, पुन्हा पुकारा केला. तो हलला नाही. व्हिएतनामच्या लोकांशी माझं काही भांडण नाही, हे तो आधीच बोलून बसला होता. त्याचं अजिंक्यपद काढून घेतलं गेलं. 20 जूनला पाच वर्षं तुरुंगवास आणि दहा हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. पासपोर्ट गेला, परवाने गेले. पंचविसाव्या वर्षापासून पुढची साडेतीन वर्षं, मुष्टियोद्ध्याच्या अंगात सगळ्यांत जास्त जोर असण्याची, रिंगबाहेर गेली. पोटासाठी तो कॉलेजांतून भाषणं देत फिरला. आप्पांच्या गोष्टीत तो तुरुंगात दगड फोडत असे. प्रत्यक्षात अपील चालू असल्याने या खटल्यात तो तुरुंगात गेलाच नाही, आणि 28 जून 1971 ला सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द केली. पण त्या खोलीत उभा असताना ही सुटका होणार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या मते त्याच्या सगळ्या लढतींहून मोठी गोष्ट ती, न हललेल्या पावलाची.

वरळीच्या बीडीडी चाळीतला एक कॉलेजकुमार आमच्या गॅलरीत पेपर वाचायला यायचा. 1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं, आणि हा पोरगा तिच्या सभांना जाऊ लागला. त्याच्या वहीत अलीचा फोटो चिकटवलेला होता. अलीला नावं ठेवलेली त्याला खपत नसत. “सरकारला तोंडावर नाही म्हणाला. असं म्हणणारा एक माणूस दाखवा आप्पा, आपल्याकडचा.” आप्पा गप्प बसत. ती आणीबाणीच्या आगेमागेची वर्षं होती.

पैलवानकाकांचा आक्षेप या नकारावर नव्हताच. त्यांचा आक्षेप रिंगमधल्या वागण्यावर होता. 6 फेब्रुवारी 1967 ची अर्नी टेरेलशी झालेली लढत घ्या. टेरेल त्याला मुद्दाम “क्ले” म्हणत राहिला. आपण निवडलेल्या नावाने हाक मारा, एवढीच अलीची मागणी, आणि ती शंभर टक्के रास्त. बडी बडी अमेरिकन वर्तमानपत्रंही तेव्हा त्याला क्लेच म्हणत. पण अलीने काय केलं? पंधरा फेऱ्या त्याला खेळवलं. ठोसा मारायचा आणि विचारायचं, माझं नाव काय? टेरेलचा डोळा सुजून बंद झाला तरी विचारणं चालूच. काका म्हणत, “चीत करायचा तर कर की बाबा. त्यो उभा ऱ्हावा आनि मार खावा म्हनून त्याला धरून ठेवायचा, ह्यो कसला मर्दपना?”

आणि मग फ्रेझर. इथे मला सावकाश जायचं आहे, कारण अलीची खरी उंची आणि खरा हीनपणा दोन्ही याच माणसासमोर दिसले.

जो फ्रेझर साऊथ कॅरोलायनातल्या ब्यूफोर्टचा. शेतात राबणाऱ्या आईबापांचं बारावं अपत्य. पोरसवदा वयात उत्तरेकडे गेला आणि फिलाडेल्फियाच्या खाटीकखान्यात कामाला लागला. अलीचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. श्रीमंत नव्हते, पण घर नीटनेटकं होतं. अलीवर बंदी होती त्या काळात फ्रेझर विश्वविजेता झाला. अलीला परवाना परत मिळावा म्हणून आपण शब्द टाकला, अडीनडीला पैसे दिले, असं फ्रेझर शेवटपर्यंत सांगत राहिला. अलीला हरवल्याशिवाय आपल्या पट्ट्याला किंमत नाही हे त्यालाही कळत होतं, त्यामुळे यात निव्वळ परोपकार होता असं नाही. तरी मदत ती मदत.

8 मार्च 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे भिडले. दोघांनाही पंचवीस-पंचवीस लाख डॉलर. लढतीआधी अलीने लावलेला सूर असा, की फ्रेझर हा गोऱ्यांचा माणूस, “अंकल टॉम”. त्याच्या बाजूने उभा राहणारा काळा माणूसही तसलाच. हे कुणी कुणाला म्हणावं? मजुराच्या पोराला, ज्याने काळा असण्याचे सगळे चटके अंगावर घेतले होते, त्याला मालकांचा चमचा ठरवलं ते पाट्या रंगवणाऱ्याच्या हुशार, देखण्या, बोलक्या मुलाने. फ्रेझरला उत्तर देता येईना, कारण तो बोलण्यात कच्चा होता. त्याच्या मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागले. पंधराव्या फेरीत त्याच्या डाव्या हुकने अली पाठीवर आडवा झाला. उठला, लढत पुरी केली, आणि पंचांच्या एकमताने हरला.

त्या लढतीचा पेपरातला फोटो पैलवानकाकांनी कापून घेतला होता. अली खाली, पाय हवेत, फ्रेझर बाजूला. पँथरवाल्या पोराला ते एकदा म्हणाले, “तुमी ज्यांच्यासाठी झेंडं घिऊन फिरताय न्हवं, त्यातला खरा ह्यो हाय. उभा हाय त्यो.” पोरगा ताडकन म्हणाला, “आणि वर्षानुवर्षं डोक्यावर तुरुंग घेऊन कोण फिरला?” दोघांचंही खरं होतं. चहा तसाच निवत राहिला.

1974 च्या जानेवारीत अलीने परतफेड केली, ऑक्टोबरात किन्शासामध्ये जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडलं आणि गेलेलं अजिंक्यपद परत मिळवलं. दोरांना टेकून मार खात राहायचं, समोरच्याला थकू द्यायचं आणि मग हल्ला करायचा, हा डाव जगजाहीर आहे, त्यावर चित्रपट आहेत. तो मी इथे सांगत बसत नाही. मला मनिलाला जायचं आहे.

1 ऑक्टोबर 1975. तिसरी लढत. फिलिपिन्समध्ये फर्डिनंड मार्कोसचा लष्करी कायदा, आपल्याकडे आणीबाणी. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत सकाळी पावणेअकराच्या सुमारास ठेवलेली, म्हणजे इथे आठ वाजून गेलेले. पहिल्या पाळीचा भोंगा केव्हाच झालेला. लढतीआधी अलीने यमक जुळवून फ्रेझरला गोरिला म्हणायला सुरुवात केली होती. पत्रकारांसमोर खिशातून रबराचा छोटा गोरिला काढायचा आणि त्याला ठोसे मारायचे. लोक हसत. एका काळ्या माणसाने दुसऱ्या काळ्या माणसाला, त्याच्या रंगावरून, नाकाओठांवरून, सगळ्या जगासमोर माकड म्हणायचं. काळ्यांना माकड म्हणणं हे गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांचं शतकानुशतकांचं हत्यार. वर्णद्वेषाविरुद्ध उभा राहिलेला माणूस ते उचलतो तेव्हा तिकीट खपवण्याचा तो एक भाग होता असं सांगून सुटका होत नाही. लढत तशीही विकली गेलीच असती.

मग अरानेता कोलिझियमच्या तापलेल्या छपराखाली, टीव्हीच्या दिव्यांच्या झोतात चौदा फेऱ्या झाल्या. पहिल्या काही अलीच्या, मधल्या फ्रेझरच्या. फ्रेझर वाकून आत घुसायचा आणि बरगड्यांवर मारत राहायचा. शेवटाकडे त्याचे डोळे इतके सुजले की येणारा ठोसा दिसेना. चौदावी संपल्यावर त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. फ्रेझर नको नको म्हणत होता. फच यांनी रिंगमध्ये मेलेले मुष्टियोद्धे पाहिलेले होते, ते ऐकेनात. पलीकडच्या कोपऱ्यात अलीचीही पुढे जायची तयारी उरली नव्हती, असं त्या वेळी तिथे असलेले सांगत. जिंकल्यावर तो उभा राहिला आणि खाली कोसळला. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं तो नंतर म्हणाला. फ्रेझरची तारीफही त्याने केली, अगदी तोंड भरून. फ्रेझरच्या मुलाला बोलावून, तुझ्या बापाबद्दल बोललो ते मनावर घेऊ नकोस, असं त्याने सांगितलं. प्रत्यक्ष बापाला सांगितलं नाही.

काकांचं म्हणणं मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळतं. “आखाड्यात हात मिळवला की त्यो आपली जोड हाय, आप्पा. शड्डू ठोकावा, न्हाई कोन म्हनतंय? पर जोडीची इज्जत काढू नये. जोड हाय म्हनून आपन हाय.” फ्रेझर नसता तर अली किती मोठा हे आपल्याला कळलंच नसतं. किन्शासात अलीची अक्कल दिसली; तो मरणाला भिडू शकतो हे दाखवलं ते फ्रेझरच्या डाव्या हाताने.

मनिलाची आणखी एक गोष्ट मी मोठेपणी वाचली आणि आजीला सांगितली. खेळात तिला काडीचा रस नव्हता. गॅलरीतल्या गप्पांना ती “रिकामटेकड्यांचं पंचायतन” म्हणायची. तर राष्ट्राध्यक्षांच्या स्वागत समारंभाला अलीने व्हेरोनिका नावाच्या तरुणीला सोबत नेलं. मार्कोसने तुमची पत्नी सुंदर आहे म्हटलं. अलीने दुरुस्ती केली नाही. लग्नाची बायको बेलिंडा, चार मुलांची आई, अमेरिकेत होती. तिने बातमी वाचली, विमान पकडून मनिला गाठलं, हॉटेलात त्याची पुरती हजेरी घेतली आणि लगोलग परतीचं विमान धरलं. आजीने तांदूळ निवडता निवडता विचारलं, “मग सोडलं का तिने?” म्हटलं, हो, पुढे घटस्फोट झाला. “बरं केलं,” ती म्हणाली, “आणि तुमच्या आप्पांना सांग, पेपरात ही बातमी मोठ्याने वाचलेली मला आठवत नाही.” बेलिंडाशी लग्न झालं तेव्हा ती जेमतेम सतरा वर्षांची होती. अलीने एकूण चार लग्नं केली, लग्नाबाहेरची मुलंही होती. त्याच्या धर्माने आणि त्याने स्वतः जे संयमाचे धडे व्यासपीठावरून दिले, ते घरात लागू नव्हते.

तरी हा माणूस दुष्ट होता असं म्हणायला जीभ रेटत नाही. जानेवारी 1981 मध्ये लॉस एंजेलिसला एक तरुण उंच इमारतीवरून उडी मारायला निघाला होता. अली तिथे गेला, खिडकीतून वाकून त्याच्याशी बोलला आणि त्याला आत आणलं. रस्त्यात भेटणाऱ्याला पैसे काढून द्यायचा, पोरांना जादूचे खेळ दाखवायचा. अनोळखी माणसासाठी त्याच्याकडे वेळच वेळ होता. कमी पडायचा तो जवळच्यांना.

1980 च्या जानेवारीत तो भारतात आला होता. दिल्लीला त्याने आपल्या कौर सिंगबरोबर चार फेऱ्यांची प्रदर्शनीय लढत केली, इंदिरा गांधींना भेटला. मद्रासलाही तोबा गर्दी झाली. तिथूनच अमेरिकेच्या कार्टर सरकारने त्याला आफ्रिकेत धाडलं, मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाका हे सांगायला. टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी त्याला भेटही दिली नाही. सरकारला नाही म्हणणारा माणूस सरकारचा निरोप्या होऊन आला याचं त्यांना वाईट वाटलं असावं. पँथरवाला पोरगा तोवर बँकेत लागला होता. त्याने एवढंच म्हटलं, “त्याला नीट कुणी समजावलं नसेल.”

भांडणाचा निकाल असा कधी लागला नाही. पण आप्पांनी एकदा, अलीचे कट्टर असूनही, पेढीवरच्या भाषेत एक गोष्ट सांगितली होती आणि मला ती पटते. खतावणीत प्रत्येकाचं पान वेगळं असतं. एकाच्या पानावर कितीही जमा असली तरी ती दुसऱ्याच्या पानावर ओढून त्याचं येणं फेडलं असं दाखवता येत नाही. तसं दाखवणाऱ्या मेहताजीला पेढीवरून हाकलतात. अमेरिकेच्या सरकारशी, वर्णद्वेषाशी अलीचा जो हिशेब होता त्यात तो देणेकरी नव्हताच. उलट जगच त्याचं देणं लागत होतं. फ्रेझरचं पान वेगळं. बेलिंडाचं वेगळं. माल्कमचं वेगळं. व्हिएतनामच्या पानावरची जमा तिकडे वळती होत नाही.

मृत्युलेख लिहिणारे नेमकं हेच करतात. आणि उलटही चालतं : बायकांशी असा वागला म्हणजे ह्यूस्टनमधला नकारही ढोंगच, असं म्हणणारे भेटतात. तोही खोटा हिशेब.

फ्रेझरने आपलं पान कधी मिटू दिलं नाही. 1996 साली अटलांटात, कंपवाताने थरथरणाऱ्या हाताने अलीने ऑलिंपिकची ज्योत पेटवली तेव्हा जग रडलं. तो त्या आगीत पडला असता तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं फ्रेझर बोलला. हेही हीनच होतं. म्हणून मी काकांच्या पक्षात पूर्ण जात नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो आपोआप थोर होत नाही. 2001 मध्ये अलीने माफी मागितली, पण ती न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहराजवळ. फ्रेझर कधी म्हणायचा झालं गेलं, कधी म्हणायचा, वर्तमानपत्राला कशाला सांगतोस, मला सांग. त्याच वर्षी दोघांच्या मुलीही एकमेकींशी लढल्या. लैला अली जिंकली, पण तीन पंचांपैकी एकाने लढत बरोबरीची ठरवली होती.

म्हातारपणी फ्रेझर फिलाडेल्फियातल्या आपल्या जुन्या व्यायामशाळेच्या माडीवर राहत होता. 7 नोव्हेंबर 2011 ला तो यकृताच्या कर्करोगाने गेला. अंत्यविधीला अली आला होता. बोलणं जवळजवळ बंद झालेलं होतं. त्याला धरून उभं केलं आणि त्याने टाळ्या वाजवल्या.

त्या शहरात मुष्टियोद्ध्याचा एक प्रसिद्ध पुतळा तेव्हाही होता, पण तो रॉकीचा, म्हणजे सिनेमातल्या काल्पनिक माणसाचा. खाटीकखान्यात लटकलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करणारा तो नायक. ती कल्पना माझ्याकडून घेतली असं फ्रेझर सांगायचा. फ्रेझरचा स्वतःचा पुतळा फिलाडेल्फियाने सप्टेंबर 2015 मध्ये उभारला. 8 मार्च 1971 ला अलीला डाव्या हुकने पाडल्यानंतरचा क्षण त्यात घडवला आहे. तो उभा राहिला तेव्हा फ्रेझर जाऊन चार वर्षं होत आली होती.